खाजण आधी का वाळूचा दांडा आधी? लेकीचा प्रश्न, जाणकारांनी सांगा

नाथसागरकाठचा
रामराम मंडळी. प्रश्न आपल्या भागापासून लांबचा हाय पण इथं शिकलेली माणसं हायेत म्हणून टाकतोय. आमची गाळपेर जमीन हाय, उन्हाळ्यात नाथसागराचं (जायकवाडी धरणाचं) पाणी मागं सरकलं की तिथं काकडी-खरबूज घेतो. परवा लेक संगं आलती, नववीला हाय. पाणी नुकतंच हटलेलं, गाळाला तडे गेलेले, एकेक ढेकूळ भाकरीएवढं, कडा वर वळलेल्या आणि मधीमधी शिंपलेच शिंपले. ती म्हणली पप्पा इथं समुद्र होता का? म्या म्हणलं न्हाई गं, हे धरण हाय. मग घरी येऊन तिनं भूगोलाचं पुस्तक काढलं. वाळूचा दांडा, पुळण म्हंजी वाळूचा किनारा, खाजण म्हंजी दांड्यामागं अडकलेलं समुद्राचं पाणी, सगळ्याच्या दोन दोन ओळीच्या व्याख्या. शाळेत पाठ करा म्हणून सांगितलंय. तिला पडलेला प्रश्न असा की दांडा आधी झाला का खाजण आधी झालं? आन समुद्र पहिल्यापासून तिथंच होता का? एका व्हिडिओत तिनं ऐकलंय की हिमयुग संपलं तवा हे सगळं झालं. आपल्याकडं तर बर्फ कधी पडलाच न्हाई, मग कसं? मला काही सांगता येईना. लेकरू रुसून बसलंय.

सिंदफणेची_बाई
दादा, शिंपल्यांचं मी सांगते, विज्ञान शिकवते मी. ते गोड्या पाण्यातले शिंपले आहेत, नदीत तळ्यात राहणारे. आपल्याकडचा काळा दगड हा लाव्हाचा आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यावर नदीचा गाळ. समुद्राचा संबंध नाही. पण मुलीनं बघून प्रश्न विचारला ना, माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं. बाकीच्या प्रश्नाला खडकवाले काकांची वाट बघूया.

लातूरचा_पोट्टा
समुद्र सोडा हो, आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं पाणी आलतं. आधी प्यायच्या पाण्याचा धागा काढा कुणीतरी.

खडकवाले_काका
नमस्कार. मी निवृत्त आहे, भूगर्भशास्त्र शिकवलं आयुष्यभर, संभाजीनगरला असतो. नाथसागरकाठच्या दादांना आधी हे सांगतो की तुमच्या लेकीनं जो प्रश्न विचारलाय त्याच्यावर मोठमोठे लोक भांडलेत. १८४५ साली एली द ब्यूमाँ नावाचा फ्रेंच माणूस म्हणाला की लाटा समुद्राच्या तळाची वाळू उपसून ढीग लावतात, तो ढीग वर आला की दांडा, आणि त्याच्या मागं अडकलेलं पाणी ते खाजण. १८८५ ला अमेरिकेतला गिल्बर्ट म्हणाला छे, वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहत येते आणि खाडीच्या तोंडावर जीभ काढल्यासारखी वाढत जाते. १८९० ला मॅगी म्हणाला की दांडा आधीच काठावर होता, पाणी चढलं आणि त्याच्या मागची सखल जमीन बुडाली. आज आपण म्हणतो तिघांचंही कुठं ना कुठं खरं आहे. तेव्हा लेकीला सांगा, रुसू नको, प्रश्न बरोबर आहे.

आता बर्फ. साधारण २०,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि युरोपच्या वरच्या भागावर बर्फाचे थर होते, काही ठिकाणी तीन तीन किलोमीटर जाडीचे. हे पाणी आलं कुठून? समुद्रातूनच. वाफ होऊन गेलं, बर्फ होऊन जमिनीवर बसलं, परत आलंच नाही. त्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. तुमच्याकडं बर्फ पडायची गरजच नाही, हौद एकच आहे, एका कोपऱ्यातून उपसलं की सगळीकडची पातळी उतरते. मग साधारण १९,००० वर्षांपूर्वीपासून ते वितळायला लागलं आणि ७,००० वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक वितळून झालं. १२,००० वर्षांत १२० मीटर, म्हणजे सरासरी वर्षाला एक सेंटिमीटर. पण सारखं नाही, १४,५०० वर्षांपूर्वी तर काही शतकांतच १५ मीटरपेक्षा जास्त चढलं.

महत्त्वाची गोष्ट पुढं आहे पण आत्ता जेवायला बोलावणं आलंय, उद्या लिहितो.

मांजराकाठ
काका ग्लासात बर्फ टाकलं आणि ते वितळलं तर पाणी काही वाढत नाही, तेवढंच राहतं. आम्ही शाळेत करून बघितलंय. मग समुद्र कसा वाढला?

सिंदफणेची_बाई
@मांजराकाठ ते ग्लासात तरंगणाऱ्या बर्फाचं. तरंगणारं बर्फ आधीच आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारून बसलेलं असतं. काका सांगतात ते जमिनीवरचं. ग्लासाच्या बाहेर वाटीत बर्फ ठेवा, वितळल्यावर वाटी ग्लासात ओता, मग बघा.

रिगवरचा_मामा
काकांनी सव्वाशे मीटर म्हणलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. मी परभणीचा, पण नोकरी सगळी मुंबईच्या समुद्रात तेलाच्या फलाटावर गेली. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत, हेलिकॉप्टरनं जावं लागतं, चौफेर निळं पाणी, पक्षी सुद्धा कमीच. आणि तिथं पाण्याची खोली किती? ७५ मीटरच्या आसपास! म्हणजे काका म्हणतात त्या वेळेला ती कोरडी जमीन होती की हो. आम्ही १४ दिवस जिथं पाण्याकडं बघत काढायचो तिथं तेव्हा हरणं चरत असतील, गवत असेल. इतकी वर्षं तिथं राहिलो आणि हे कुणी सांगितलं नाही.

खडकवाले_काका
मामा, अगदी खरं. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ जवळजवळ ३०० किलोमीटरपर्यंत पसरलाय, तो सगळा तेव्हा उघडा. आता लेकीला गणित घाला. ३०० किलोमीटर जमीन १२,००० वर्षांत बुडाली तर वर्षाला किती?

नाथसागरकाठचा
लेकीनं केलं काका. २५ मीटर दरसाल. म्हणजे दर वर्षी आमच्या बांधाएवढा समुद्र पुढं येत होता?? आजोबाच्या हयातीत तर पूर्ण शिवार जाईल.

खडकवाले_काका
सरासरी तेवढं. आता कालची राहिलेली गोष्ट. पाणी असं पळत येत असताना खाजण टिकत नाही. काठावर वाळूचा दांडा तयार होतो, मागं खाजण तयार होतं, पण वादळात लाटा दांड्यावरून उडी मारतात आणि पुढची वाळू मागं नेऊन टाकतात. असं करत करत दांडा स्वतःच्याच पाठीवरून मागं मागं चालत येतो. याचा पुरावा मोठा छान असतो. काही ठिकाणी आजच्या पुळणीच्या पुढ्यात, लाटांच्या खाली, जुन्या खाजणाचा काळा चिखल आणि दलदलीतल्या झाडांची मुळं सापडतात. म्हणजे जे मागं होतं ते आता पुढं आलं, दांडा त्याच्यावरून चालून गेला. आणि पाणी फारच जोरात चढलं तर दांडा चालू शकत नाही, जागेवरच बुडतो.

मग ७,०००-६,००० वर्षांपूर्वी बर्फ संपत आलं, पाण्याचा वेग मंदावला. तिथून पुढं नद्यांच्या गाळाला आणि वाळूला पहिल्यांदा सवड मिळाली. पाणी जितकं चढतंय त्यापेक्षा गाळ जास्त बसतोय अशी स्थिती आली. जगातले बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश, खाजणं, भरतीच्या चिखलाची मैदानं याच सुमाराला जन्मली. हिमयुग संपल्यामुळे झाली असं म्हणतात ते अर्धंच, समुद्र चढायचा *थांबत* आला म्हणून ती टिकली. माझा भर या दुसऱ्या अर्ध्यावर आहे, आणि पुस्तकात नेमकं तेच नसतं.

दापोलीची_लेक_लातूरची_सून
मला एक वाद घालायचाय. पुस्तकात लगूनला खाजण म्हणतात पण आमच्या माहेरी खाजण म्हणजे तळं नव्हे हो! खाडीच्या काठची जी जमीन भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते, चिखलाची, तिवराची झाडं असलेली, ते खाजण. बांध घालून भात लावलं तरी खाजणच म्हणतात. लहानपणी आजीबरोबर ओहोटीला तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला जायचो. पाणी गेलं की आधी चिखल चकाकतो, मग बारीक बारीक फट् फट् आवाज यायला लागतो, खेकड्यांची बिळं उघडत असतात, निवट्या (चिखलातले छोटे मासे) शेपटीवर उड्या मारत पळतात. पाय सरळ टाकला की गुडघ्यापर्यंत आत, आजी म्हणायची बोटं पसरून टाक नि थांबू नको. आणि वेळ तिला घड्याळाशिवाय कळायची. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी कमी हलतं, अमावास्या-पुनवेला उधाण. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासूबाई विचारायच्या पाणी रोज येतं नि जातं म्हणजे नक्की कुठं जातं गं. नळाला दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हा प्रश्न किती खरा होता ते मला नंतर कळलं.

खडकवाले_काका
ताई, तुमचं बरोबर, पुस्तकाचा शब्द आणि कोकणचा शब्द वेगळा आहे. धाग्यापुरतं असं ठरवूया, दांड्यामागच्या पाण्याला लगून म्हणू आणि तुमच्या चिखलाला खाजण. लेकीनं परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहावं.

तुमच्या कोकणात लगून फारशी का नाहीत हेही सांगतो. समुद्र खाली होता तेव्हा कोकणच्या नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. पाणी चढलं तेव्हा ते त्या दऱ्यांतून आत घुसलं, तीच आजची दाभोळची, जयगडची, विजयदुर्गची खाडी. वर भरती मोठी, मुंबईला मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या घरात, ती दिवसातून दोनदा तोंड धुऊन काढते, वाळूला पूर्ण आडवं होऊ देत नाही. उलट केरळात आणि आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवर पुलिकतला भरती जेमतेम मीटरभर, वाळू भरपूर, तिथं दांडा निवांत वाढतो. श्रीहरिकोटा, जिथून आपली रॉकेटं सुटतात, ते पुलिकत सरोवरापुढचा असा वाळूचा दांडाच आहे.

नाथसागरकाठचे दादा, खाडी बघायला कोकणात जायची गरज नाही. १९७६ ला जायकवाडीत पाणी अडवलं तेव्हा ते गोदेला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्या-नाल्यात बोटं घातल्यासारखं घुसलं ना? वरून बघितलं तर तलावाच्या कडा झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. कोकणची खाडी अशीच झाली, फक्त तुमच्याकडं जे काही वर्षांत झालं त्याला तिकडं हजारो वर्षं लागली.

नाथसागरकाठचा
काका हे वाचून आमचे वडील बराच वेळ गप बसले. आमचं जुनं गाव त्या पाण्याखाली हाय. दुष्काळात पाणी लई खाली गेलं तवा देवळाचा चौथरा दिसलता, सगळे बघायला गेलते. ते म्हणले, म्हणजे मुंबईपुढं बी कुणाची तरी गावं असतील.

रिगवरचा_मामा
गावं नसली तरी माणसं नक्की असतील. काका?

खडकवाले_काका
शेती तेव्हा नव्हती, म्हणून गाव म्हणता येणार नाही, पण भटकी माणसं होती. आपल्या जवळचाच पुरावा आहे. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटणे आहे, तिथं उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची टरफलं सापडली, एकावर कोरलेली नक्षी, साधारण २५,००० वर्षांपूर्वीची. म्हणजे हिमयुगाच्या काळात आपल्याकडं शहामृग फिरत होते. पाऊस तेव्हा आजच्यापेक्षा कमी होता, मोसमी वारे दुबळे होते. आणि मुंबईत १८७०-८० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली बुडालेलं जंगल मिळालं, खैराची झाडं, कित्येक मुळांवर उभी. तिथं समुद्र चढला की जमीन खचली यावर वाद आहे, पण झाडं मिळाली यात वाद नाही.

मांजराकाठ
मग द्वारका पण यातच बुडाली का? आणि परशुरामानं समुद्र मागं हटवला म्हणतात, इथं तर तो पुढं आला म्हणताय.

खडकवाले_काका
द्वारकेबद्दल एवढंच म्हणेन की वितळण्याचा मोठा भाग ६,०००-७,००० वर्षांपूर्वीच संपला, त्यानंतर काही बुडालं असेल तर त्याचं कारण तिथल्या जमिनीत, वाळूत, वादळात शोधावं. परशुरामाची कथा मी मनापासून मानतो, कोकणच्या माणसानं गाळ साचून समुद्र हटताना पिढ्यानपिढ्या पाहिलाय, ते त्या कथेत आहे. एकूण पाणी वर चढलं तरी एखाद्या ठिकाणी गाळ त्याला मागं रेटू शकतो. दोन्ही एकाच किनाऱ्यावर घडतं.

लातूरचा_पोट्टा
मी वर बोललो होतो पाण्याचा धागा काढा म्हणून. सगळं वाचलं. एक विचारतो, आपल्या गोदावरीचं पाणी गढूळ जातं, ते शेवटी कुठं जाऊन बसतं? कारण आमच्या बांधाची माती दरसाल मांजरेत जाते, मांजरा जाते गोदेत. मला ती माती कुठाय ते कळलं पाहिजे.

नांदेड_ते_काकिनाडा
भाऊ हा प्रश्न माझ्यासाठीच हाय! मी नांदेडचा, नोकरीपायी सहा वर्षं झाली काकिनाड्याला. गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून इथं समुद्राला मिळते. पावसाळ्यात मुखाजवळचं पाणी चहासारखं असतं, मी पहिल्यांदा बघितलं तवा गावाकडचा पूर आठवला. इथं काकिनाड्याच्या समोर होप आयलंड म्हणून वाळूचा दांडा हाय, १६ किलोमीटर लांब, म्हातारे लोक सांगतात आणि पुस्तकात बी हाय की तो गेल्या दोनेकशे वर्षांतच वाढलाय, गोदावरीची वाळू लाटांनी उत्तरेकडं ढकलून. त्याच्यामागं उपसागर शांत, उथळ, तळाला नुसता गाळ. कोरिंगाला कांदळवनात लाकडी पूल केलाय, त्यावरून चालत जाता येतं, खाली ओहोटीला काळपट चिखल दिसतो, मुळं बोटासारखी वर आलेली. मी खाली वाकून चिखल हातात घेतलाय. काळाच हाय, चिकट, बोटांच्या रेघांत बसतो. आमच्या शेतातला असाच बसतो. सगळा मराठवाड्याचा म्हणणार न्हाई, वाटेत बाकीच्या नद्या बी मिळतात, पण आपला वाटा हाय त्यात.

आन जरा आत कोल्लेरू सरोवर हाय, गोदा आणि कृष्णेच्या मधी. ते काही हजार वर्षांपूर्वी समुद्राला लागून असलेलं लगून होतं म्हणतात. दोन्ही नद्यांनी गाळ टाकून टाकून किनाराच पुढं सरकवला, आता ते गोड्या पाण्याचं सरोवर होऊन किनाऱ्यापासून लांब आत राहिलंय.

लातूरचा_पोट्टा
म्हणजे माती वाया गेली नाही. बरं वाटलं खरं. म्हणजे वाईट पण वाटलं, पण बरं वाटलं.

खडकवाले_काका
त्यात आता एक फरक पडलाय. धरणं झाल्यापासून गोदावरीतून समुद्राला जाणारा गाळ खूप घटलाय, तो जायकवाडीत आणि पुढच्या धरणांत बसतो. तिकडं त्रिभुज प्रदेशाचा काठ काही ठिकाणी झिजतोय. दांडा आणि खाजण हे पाण्याच्या आणि गाळाच्या शर्यतीत जन्मतात असं मी वर म्हणालो. आज समुद्र परत वर्षाला ३-४ मिलिमीटर चढतोय आणि गाळ आपण वर अडवून ठेवलाय. ही गोष्ट मला निवृत्तीनंतरही झोपू देत नाही.

सिंदफणेची_बाई
काका एक विचारते. नदी गाळ आणते हे कळलं, पण इतका बारीक गाळ समुद्रात जाऊन विरघळून का जात नाही? चिखल होऊन बसतो कसा?

खडकवाले_काका
तुमच्या घरी पूर्वी विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचे का? तेच. मातीच्या अतिबारीक कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात म्हणून तरंगत राहतात. समुद्राच्या पाण्यातलं मीठ तो भार मारून टाकतं, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, खाली बसतात. शिवाय भरती पूर्ण चढली की पाणी थोडा वेळ स्तब्ध राहतं, तेव्हा काठाकाठाला बारीक गाळ बसतो, आणि ओहोटीचं पाणी निघताना त्यातला सगळाच काही उचलू शकत नाही. रोज एक पापुद्रा. मग तिवरं रुजतात, मुळांनी धरून ठेवतात.

मुलगा_परदेशी_आई_जालन्यात
मुलाकडं नेदरलँडला गेले होते तेव्हा वाडन समुद्राकाठी आम्हाला नेलं होतं. ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालत बेटावर जातात लोक, पुढं काठी घेतलेला वाटाड्या. मी अर्धा तासच चालले, गुडघे साथ देईनात. चिखलावर सगळीकडं शेवयांच्या गुंडाळ्या पडल्यासारखं दिसत होतं, ती किड्यांची विष्ठा. तिथंही हीच गोष्ट सांगितली, बर्फ वितळलं, समुद्र आला, पुढं वाळूची बेटं आणि मागं चिखल. इंग्लंड आणि नेदरलँडच्या मधी पूर्वी जमीन होती, १९३१ साली कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात तिथून हरणाच्या शिंगाचं भाल्याचं टोक आलं होतं. मामांचं बॉम्बे हाय वाचून तेच आठवलं.

दापोलीची_लेक_लातूरची_सून
ताई शेवयांच्या गुंडाळ्या! आमच्याकडं पण असतात, आम्ही त्यावर मुद्दाम पाय द्यायचो.

मांजराकाठ
ओडिशातलं चिलिका सरोवर राहिलं की. बँकेच्या बदलीत भुवनेश्वरला होतो. पावसाळ्यात साडेअकराशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं, उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास. गाळानं आणि दांड्यानं समुद्राचं तोंड बुजत आलं होतं, पाणी गोडं व्हायला लागलं, मासळी गेली. मग २००० साली दांडा कापून नवीन मुख काढलं आणि मासळी परत आली. सातपाड्याला नावाड्यानं डॉल्फिन दाखवला, तो म्हणाला समुद्र श्वास घेतो तिथून. म्हणजे लगून आपोआप बुजतच असतं ना काका?

खडकवाले_काका
हो. कोल्लेरू पुढं गेलं, चिलिका वाटेवर आहे. पाझर तलाव गाळानं भरतो तसंच.

नाथसागरकाठचा
मंडळी आठ दिवसांनी आलो, खरबुजाची तोड चालू होती. लेकीनं काकांनी सांगितलेला मिठाचा प्रयोग केला. दोन काचेच्या बाटल्या, दोन्हीत शेतातली चमचाभर काळी माती, एकीत दोन चमचे मीठ. पहिल्या दिवशी दोन्ही बाटल्या सारख्याच निवळल्या! ती लई हिरमुसली. मग तिनंच डोकं चालवलं की आपण बोअरचं पाणी घेतलं, ते आधीच क्षारवालं हाय, भांड्याला पांढरं बसतं. मग शाळेजवळच्या फिल्टरचं पाणी आणलं. ह्या वेळेला मिठाच्या बाटलीत थोड्याच वेळात माती दह्यासारखी फुटली, चोथे चोथे होऊन खाली बसली, वर पाणी निवळ. बिगरमिठाची दुसऱ्या दिवशी बी गढूळच. तिनं दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्यात, एकीवर लिहिलंय पैठण आन दुसरीवर काकिनाडा.

वहीत व्याख्येखाली तिनं लिहिलंय की दांडा आन खाजण संगंच होतात, पाणी दमलं की. काका हे चालंल का?

खडकवाले_काका
पाणी दमलं की. मी तीस वर्षं शिकवलं आणि मला हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नाही. चालेल म्हणजे काय, धावेल.

नांदेड_ते_काकिनाडा
पोळ्याला गावाकडं येतोय. येताना कोरिंगाचा चिखल डबीत घेऊन येतो, पैठणला थांबतो. पत्ता कळवा.

नाथसागरकाठचा
या भाऊ. आम्ही आमच्या गाळाचं एक ढेकूळ काढून ठेवतो, तडे गेलेलं, शिंपल्यासकट. लेक म्हणतीय दोन्ही शेजारी शेजारी ठेवून भिजवून बघायचंय.